हॉस्पिटलमध्ये पेशंट सेफ्टीचं काम नव्यानं हातात आलंय? सुरुवात कुठून करायची

एखाद्या ५०-१०० बेडच्या हॉस्पिटलमध्ये तुम्ही सिस्टर, ब्रदर, आरएमओ (वॉर्ड सांभाळणारे निवासी डॉक्टर) किंवा अ‍ॅडमिनला आहात आणि एक दिवस मेट्रन मॅडम बोलावून सांगतात की आजपासून क्वालिटी आणि पेशंट सेफ्टी तू बघायचं. मग बहुतेक जण काय करतात, तर एनएबीएचचं (हॉस्पिटलांना दर्जाचं प्रमाणपत्र देणारी संस्था) पुस्तक उघडतात, फॉर्मची यादी काढतात, फायली लावतात, लिफ्टशेजारी हात धुण्याचं पोस्टर चिकटवतात. हे सगळं लागतंच, त्याला माझा विरोध नाही. पण यातलं काहीही करायच्या आधी एक प्रश्न स्वतःला विचारा. रात्री अडीच वाजता वॉर्डात एकटी असलेल्या सिस्टरनं चुकीचं इंजेक्शन भरलं, टोचायच्या आधी तिच्या लक्षात आलं, तर सकाळी ती हे कुणाला सांगेल, की सिरिंज गुपचूप टाकून देईल? तुमच्या हॉस्पिटलमध्ये याचं जे खरं उत्तर आहे तेच तुमचं सेफ्टी कल्चर, फाईलमध्ये काहीही लिहिलेलं असो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार उपचार घेताना साधारण दर १० पेशंटमागे एकाला त्या उपचारातल्याच कशामुळे तरी इजा होते आणि त्यातली निम्म्याहून जास्त टाळता येण्यासारखी असते. आपल्याकडे महिन्याचा रजिस्टर उघडला तर इन्सिडंट, म्हणजे अशा चुकीच्या घटनांच्या नोंदी, शून्य. म्हणजे आपलं हॉस्पिटल एवढं भारी आहे असं नाही, लोक सांगत नाहीयेत. तुमचं पहिलं काम लोकांना सांगावंसं वाटेल असं करणं, बाकी सगळं त्यानंतर.

पायरी १ : फॉर्म वाटू नका, आधी वॉर्डात फिरा

पहिले दोन-तीन आठवडे नुसतं फिरा आणि ऐका. मॉर्निंगला फिराच, पण नाईटला नक्की फिरा, कारण दिवसा दिसणारं हॉस्पिटल आणि रात्रीचं हॉस्पिटल वेगळं असतं, रात्री फार्मसीत एकच माणूस, लॅबचा रिपोर्ट फोनवर, कन्सल्टंट घरी. "काही प्रॉब्लेम आहे का?" असं विचारू नका, त्याला "नाही मॅडम, सगळं ओके" हेच उत्तर येणार. त्यापेक्षा "मागच्या ड्युटीला कशाची धाकधूक वाटली?" किंवा "या वॉर्डात उद्या एखाद्या पेशंटला काही झालं तर ते कशामुळे होईल असं तुला वाटतं?" असं विचारा. दुसऱ्या प्रश्नाला लोक थांबतात, विचार करतात आणि मग खरं बोलतात.

आणि वॉर्डात साफसफाई, ने-आण करणाऱ्या मावशी-मामांना विचारा, प्लीज. त्यांना कुणी ट्रेनिंगला बोलवत नाही, मीटिंगला बसवत नाही, पण कुठल्या बेडची बेल वाजत नाही, कुठल्या स्ट्रेचरचा साईड रेल लागत नाही, कुठल्या बाथरूममध्ये म्हातारी माणसं घसरतात हे त्यांनाच माहीत असतं. जे सांगतील ते वहीत लिहा आणि त्यातली एक तरी गोष्ट त्याच आठवड्यात करून द्या. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवा, बेल दुरुस्त करा, काहीही. सांगितलं तर होतं, हे एकदा डोळ्यांनी दिसलं की पुढचं कुणी न विचारता सांगायला लागतं.

पायरी २ : मोठ्या सरांकडून एक कागद घ्या

हे सगळ्यात अवघड आहे आणि हे टाळून पुढे गेलात तर सहा महिन्यांनी सगळं होतं तिथे येईल. जो स्वतःहून येऊन चूक सांगेल त्याला त्या चुकीसाठी मेमो नाही, पगारातून कापणार नाही, सगळ्यांसमोर ओरडणार नाही, एवढं मोठ्या सरांनी, म्हणजे हॉस्पिटलच्या प्रमुखांनी, एका पानावर साध्या मराठीत लिहून सही करून दिलं पाहिजे आणि तो कागद प्रत्येक नर्सिंग स्टेशनला लागला पाहिजे. सरांकडे जाताना "कल्चर बदलायचंय सर" असं भाषण घेऊन जाऊ नका. वॉर्डात फिरताना कळलेली, थोडक्यात वाचलेली एक घटना घेऊन जा, नाव न सांगता, आणि म्हणा सर हे आपल्याला पुढच्या वेळी कळायला हवं ना.

यावर सर हमखास विचारतात, मग काय कुणाला काहीच बोलायचं नाही का? बोलायचं, पण फरक करायचा. एक असते साधी चूक, म्हणजे लक्ष होतं, हेतू चांगला होता, तरी हात चुकला. त्या माणसाला धीर द्यायचा आणि आपली पद्धत दुरुस्त करायची. दुसरा असतो शॉर्टकट, म्हणजे सगळेच दोन जणांचं चेकिंग न करता दोघांच्या सह्या एकदम करतात कारण स्टाफ कमी आहे. तिथे समजावायचं आणि शॉर्टकट का घ्यावा लागतो ते शोधायचं. तिसरा असतो बेदरकारपणा, म्हणजे दारू पिऊन ड्युटीवर येणं, धोका स्वच्छ दिसत असताना मुद्दाम करणं. तिथे कारवाई करायचीच. घडलेलं लपवण्यासाठी केस पेपर नंतर बदलणं, मागची वेळ टाकून नोंद करणं हे या तिसऱ्यातच जातं, आणि हे पहिल्या दिवसापासून स्पष्ट सांगा. चूक सांगणाऱ्याला संरक्षण आहे, कागद फिरवणाऱ्याला नाही.

पायरी ३ : फॉर्म एका पानाचा, मराठीत

कधी, कुठे, काय झालं, पेशंटला काही त्रास झाला का, तुमच्या मते कशामुळे झालं. बास. नाव लिहायचं की नाही ते त्यांच्यावर सोडा. चार पानांचा इंग्रजी फॉर्म भरायला ड्युटी संपल्यावर कोण थांबणार, तिला पुढे लोकल किंवा एसटी पकडायची असते. ज्यांना लिहायला जमत नाही त्यांनी तुम्हाला फोन करावा, तुम्ही भरा. थोडक्यात वाचलेल्या घटना, ज्याला नियर मिस म्हणतात, त्या आवर्जून मागा, कारण त्यात कुणाचं नुकसान झालेलं नसतं म्हणून माणूस मोकळेपणानं बोलतो आणि शिकायला तेवढंच मिळतं. एक मात्र सांभाळा, वॉर्डाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पेशंटचं नाव, केस पेपरचा फोटो टाकून "हे बघा काय झालं" हा प्रकार लगेच बंद करा. पेशंटची गुप्तता जाते आणि ज्याच्या हातून झालं तो आयुष्यात परत काही सांगत नाही.

फॉर्म आला की आठवड्याच्या आत उत्तर गेलंच पाहिजे. काही करता आलं नाही तरी "वाचलं, अमुक कारणानं आत्ता होत नाहीये" असं सांगा. स्टाफरूममध्ये एक बोर्ड लावा, डावीकडे तुम्ही सांगितलंत ते, उजवीकडे आपण केलं ते. फॉर्म पेटीत पडून राहिले की दोन महिन्यांत पेटीवर धूळ बसते.

पायरी ४ : "कुणी केलं" सोडा, "कसं झालं" विचारा

हे एका उदाहरणानं सांगतो, कारण नवीन माणूस इथेच अडकतो. आपल्याकडे इन्सुलिनची व्हायल बऱ्याचदा ४० युनिट पर एमएलची असते आणि तिची सिरिंज लाल टोपीची, तर पेनचं कार्ट्रिज १०० युनिट पर एमएलचं असतं, १०० ची सिरिंज केशरी टोपीची येते. आता समजा ऑर्डर १० युनिटची आहे, सिस्टरनं कार्ट्रिजमधून लाल टोपीच्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत भरलं. पेशंटला गेले २५ युनिट, अडीच पट. पहाटे पेशंट घामाघूम, शुगर खाली, धावपळ.

"कुणी केलं" विचारलं तर दोन मिनिटांत उत्तर मिळतं, मेमो जातो, आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या वॉर्डात दुसऱ्या सिस्टरकडून तेच होतं. "कसं झालं" विचारत गेलं की असं काही बाहेर येतं : फार्मसीत व्हायल संपली होती म्हणून कार्ट्रिज दिलं, त्याच्याबरोबर पेन आणि सुई दिली नाही, वॉर्डात फक्त ४० ची सिरिंज होती, नाईटला ती एकटी म्हणून दुसऱ्या कुणी बघितलं नाही, आणि दोन सिरिंजमधला फरक तिला आजपर्यंत कुणी दाखवलाच नव्हता. पाचही गोष्टींपैकी एक जरी वेगळी असती तरी पेशंटला काही झालं नसतं, आणि त्यातल्या चार तर तिच्या हातातच नव्हत्या.

मग उपाय काय करायचा. बहुतेक रिपोर्टच्या शेवटी लिहिलेलं असतं "स्टाफला काळजी घेण्याच्या सूचना दिल्या" किंवा "ट्रेनिंग घेतलं". हा सगळ्यात कच्चा उपाय आहे, तो एकटा कधीच पुरत नाही. पक्का उपाय म्हणजे चूक करताच येणार नाही अशी व्यवस्था. पेन आणि सुईशिवाय कार्ट्रिज फार्मसीतून बाहेर पडणार नाही, वॉर्डात एकाच स्ट्रेंथचं इन्सुलिन, नाईटला शेजारच्या वॉर्डातल्या सिस्टरनं येऊन डोस बघायचा. तसंच पोटॅशियम क्लोराईडचं. १० एमएलच्या त्या छोट्या अँप्युलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट असतं, ते सलाईनमध्ये न मिसळता सरळ शिरेत दिलं तर हृदय थांबू शकतं, आणि आपण ते कुठे ठेवतो तर डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्युलशेजारच्या खणात. जनरल वॉर्डातून ते काढूनच टाका, आयसीयूत कुलपात, लाल लेबल लावून. हेपॅरिनच्या (रक्त गोठू न देणारं औषध) ५ एमएलच्या व्हायल १००० युनिट पर एमएल आणि ५००० युनिट पर एमएल अशा दोन्ही येतात, एकीत एकूण ५००० आणि दुसरीत २५०००, दोन्ही एकाच ट्रेमध्ये असतील तर आजच वेगळ्या करा, उद्या नको.

पायरी ५ : रोजच्या चार सवयी

नाव विचारायची पद्धत बदला. "तुम्ही सुनीता पाटील ना?" म्हटलं की अर्धवट झोपेतला, कमी ऐकू येणारा पेशंट हो म्हणतो. "तुमचं पूर्ण नाव सांगा" म्हणायचं आणि त्यांनी सांगितलेलं मनगटावरच्या पट्टीशी, रजिस्ट्रेशन नंबरशी जुळवायचं. आपल्याकडे एका फ्लोअरवर दोन पाटील, तीन शिंदे ही रोजची गोष्ट, त्यामुळे मधलं नाव लागतंच. बेड नंबर ही ओळख नाही, संध्याकाळी बेड बदलतात.

फोनवरची ऑर्डर लिहून घ्यायची आणि सरांना परत वाचून दाखवायची, "सर वाचून दाखवते, अमुक औषध, एक-पाच, पंधरा एमजी". फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर सारखेच ऐकू येतात म्हणून आकडे सुटे बोलायचे. काही सर चिडतात, वेळ नाही म्हणतात, म्हणून हा नियम मोठ्या सरांच्या सहीनंच काढा, म्हणजे सिस्टरला "सर, नियम आहे" म्हणता येतं.

ड्युटी बदलतानाचं हँडओव्हर स्टेशनवर बसून नाही, बेडजवळ उभं राहून. पेशंट कोण, कशासाठी अ‍ॅडमिट, आत्ता कसा आहे, काय करायचं राहिलंय, एवढ्या क्रमानं, आणि देणारी-घेणारी दोघींनी सलाईन, ड्रेन, कॅथेटर डोळ्यांनी बघायचं. बऱ्याच गोष्टी याच दहा मिनिटांत निसटतात, एक अँटिबायोटिक दोनदा जातं किंवा अजिबात जात नाही, रक्ताचा रिपोर्ट आलेला असतो पण कुणी बघितलेला नसतो.

चौथी सवय म्हणजे सकाळची उभ्या-उभ्या पाच-सात मिनिटांची भेट. प्रत्येक वॉर्डाचा एकजण, फार्मसी, लॅब, मेंटेनन्स आणि एक सीनियर डॉक्टर. काल काय झालं, आज कशाची भीती आहे, कोण कमी आहे. खुर्च्या नकोत, चहा नको, नाहीतर तासाभराची मीटिंग होते आणि आठवड्यात बंद पडते.

पायरी ६ : "सर, थांबा" म्हणायची ताकद

मला स्वतःला ही पायरी सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपल्याकडे सरांना उलट बोलायचं नाही हे घरापासून शिकवलेलं असतं, त्यात नुकतीच जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून आलेली २२ वर्षांची मुलगी आणि समोर ३० वर्षं ऑपरेशन करणारे सर्जन, ती डावा-उजवा गुडघा चुकतोय हे दिसलं तरी गप्प बसते. म्हणून शब्द आधीच ठरवून द्या. "सर, एक मिनिट, मला खात्री करायचीय." एवढ्यानं थांबले नाहीत तर दुसऱ्यांदा, "सर, मला काळजी वाटतेय, हे पेशंटसाठी सेफ नाही." दोनदा सांगूनही झालं नाही तर इन्चार्ज किंवा अ‍ॅनेस्थेटिस्टला सांगायचं, आणि तिनं असं वर सांगितलं म्हणून तिला कुणी बोलणार नाही हेही त्या सहीच्या कागदात आणा. स्टाफला बसवून हे मोठ्यानं म्हणायची प्रॅक्टिस घ्या, पहिल्यांदा सगळे हसतात, तिसऱ्यांदा म्हणतात.

ओटीतली (ऑपरेशन थिएटरमधली) सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट याच साठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेची ही १९ मुद्द्यांची यादी तीन वेळा थांबवते, भूल द्यायच्या आधी, चीर घ्यायच्या आधी आणि पेशंट ओटीबाहेर नेण्याआधी. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, जगातल्या आठ शहरांतल्या हॉस्पिटलांच्या अभ्यासात (त्यात आपली दिल्लीही होती) ही वापरल्यावर मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आणि मोठ्या कॉम्प्लिकेशन्सचं ११ टक्क्यांवरून ७ वर आलं. पण आपल्याकडे काय होतं, पेशंट टेबलवर यायच्या आधीच सगळ्या चौकोनांत टिक मारलेल्या असतात. असा भरलेला कागद कोरा ठेवण्यापेक्षा वाईट, कारण सगळ्यांना वाटतं तपासलंय. एकानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी हातातलं काम थांबवून तोंडानं उत्तर द्यायचं, आणि सर्जननी स्वतः म्हणायचं, "कुणाला काही वेगळं वाटलं तर मला थांबवा". सरांच्या तोंडून हे वाक्य दर केसला निघालं तर माझ्या मते अर्धं ट्रेनिंग तिथेच झालं. सगळे सर्जन एकदम तयार होणार नाहीत, जे एक-दोन तयार आहेत त्यांच्या ओटीपासून सुरू करा, बाकीचे बघत असतात.

पायरी ७ : वॉर्डाबाहेरची माणसं

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली, १० बाळं गेली. त्यामुळे इलेक्ट्रिशियन, ऑक्सिजन बघणारा, सिक्युरिटीवाला, बायोमेडिकलचा माणूस हे सगळे या कामात हवेत, नुसते डॉक्टर-सिस्टर नाही. स्विचबोर्ड गरम लागतोय, एक्झिटसमोर जुने बेड रचलेत, हे सांगायला त्यांनाही तोच एक पानाचा फॉर्म, तोच फोन नंबर. आणि नाईटच्या सिस्टरला विचारा, आत्ता धूर दिसला तर ही बाळं तू कुठल्या दारानं काढशील, त्या दाराची किल्ली कुणाकडे आहे? सरावही रात्रीच्या स्टाफला घेऊनच करा, दुपारी दोनला अ‍ॅडमिनच्या लोकांना घेऊन फोटोपुरता नको.

इजा झालीच तर

आधी पेशंट. मग नातेवाइकांशी सीनियर कन्सल्टंटनं बसून बोलायचं, रात्रपाळीच्या ज्युनिअरला पुढे ढकलायचं नाही. जे नक्की माहीत आहे ते सांगायचं, जे अजून तपासतोय ते तपासतोय म्हणून सांगायचं आणि पुन्हा कधी भेटणार ती वेळ द्यायची आणि पाळायची. नातेवाईक चिडतात ते घटनेवर, पण संतापतात ते लपवाछपवीवर.

आणि जिच्या हातून झालं तिला त्या शिफ्टला एकटं सोडू नका. ड्युटी दुसऱ्याकडे द्या, कुणीतरी ओळखीचं तिच्यासोबत बसू दे, घरी पोहोचली का विचारा, दोन दिवसांनी परत फोन करा. चांगल्या सिस्टर अशाच एका रात्रीनंतर नोकरी सोडतात, आणि आपल्याला मात्र वाटतं पगारामुळे गेली.

मोजायचं कसं

पहिल्या काही महिन्यांत रिपोर्ट वाढतील आणि मॅनेजमेंट घाबरेल, "तू आल्यापासून इन्सिडंट वाढले" असंही ऐकावं लागेल. हे सरांना आधीच सांगून ठेवा, की आकडा वाढणार आहे आणि तो वाढणं चांगलं आहे. बघायचं ते असं की आलेल्या रिपोर्टमध्ये नियर मिस किती, नाव घालून किती जण लिहितात, डॉक्टरांकडून एकतरी येतो का, आणि किती रिपोर्टना उत्तर गेलं. वर्षातून एकदा निनावी प्रश्नावली घ्या, अमेरिकेतल्या एएचआरक्यू या संस्थेची २००४ पासूनची तयार प्रश्नावली आहे, तिच्यावरून आपल्या भाषेत थोडके प्रश्न करून घेता येतात. १७ सप्टेंबरच्या पेशंट सेफ्टी डेला रांगोळी स्पर्धा जरूर घ्या, पण त्याच दिवशी वर्षभरातला सगळ्यात उपयोगी नियर मिस सांगणाऱ्याला सगळ्यांसमोर सरांच्या हातून बक्षीस द्या, त्याला विचारून मगच.

एक शेवटची सोय लावून ठेवा. हे काम एकट्याच्या नावावर राहू देऊ नका, प्रत्येक वॉर्डातला एकजण निवडा, शक्यतो ज्याच्याकडे लोक आधीपासूनच अडचण घेऊन जातात असा, इन्चार्जच असला पाहिजे असं नाही. तुम्ही रजेवर असताना इन्सिडंटचा फोन कोण उचलणार त्याचं नाव आणि एक्स्टेंशन नंबर बोर्डावर लिहा, आणि रजेवरून आल्यावर आधी त्याच्याकडून वही मागून घ्या.